गोठलेल्या खांद्याच्या निदानात सोनोग्राफीचे स्थान : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

चाळिशी ओलांडलेल्या व्यक्तींमध्ये खांद्याच्या दुखण्याची एक विशिष्ट तक्रार वारंवार आढळते. प्रारंभी खांदा रात्री ठणकतो, त्या कुशीवर झोपता येत नाही आणि हळूहळू हात वर जाणे, पाठीमागे जाणे, बाहेरच्या बाजूस वळणे बंद होते. स्त्रियांना केस विंचरणे, चोळीची गाठ मागे बांधणे किंवा फळीवरचा डबा काढणे अवघड होते. पुरुषांना सदरा घालताना एक बाही आधी चढवावी लागते आणि एसटीत वरचा दांडा धरता येत नाही. अध्यापन करणाऱ्यांना हा विकार प्रथम फळ्यापाशी जाणवतो, कारण अक्षरे दिवसेंदिवस फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात उतरू लागतात. बोलीत यास 'खांदा धरला', 'खांदा आखडला' असे म्हणतात आणि दोष बहुधा वाताला दिला जातो. वैद्यकात याच विकारास 'फ्रोझन शोल्डर' म्हणजे गोठलेला खांदा असे नाव रूढ आहे.

हे नाव उच्चारण्यास सोपे असल्यामुळे ते सैलपणे वापरले जाते. दुखणारा आणि न हलणारा प्रत्येक खांदा गोठलेला नसतो. कंडरा तुटलेला खांदा, क्षयाने पोखरलेला खांदा किंवा निखळून तसाच राहिलेला खांदा हेही वरवर तसेच भासतात. गोठलेल्या खांद्यावर 'धीर धरा, व्यायाम करा' हा उपदेश योग्य ठरतो, परंतु उर्वरित विकारांत तोच उपदेश रुग्णाचे महिने आणि कधी हातही वाया घालवतो. हा भेद ओळखण्याच्या कामी सोनोग्राफी कोठपर्यंत साह्य करते, तिची मर्यादा कोठे लागते आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात ते साह्य प्रत्यक्ष रुग्णापर्यंत पोहोचण्यास कोणत्या अटी आहेत, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विकाराचे स्वरूप

खांद्याचा सांधा हा मानवी शरीरातील सर्वाधिक फिरणारा सांधा होय. उथळ बशीत मोसंबे ठेवावे त्याप्रमाणे दंडाच्या हाडाचा गोल माथा खांद्याच्या फऱ्याच्या उथळ खळग्यावर टेकलेला असतो. या दोहोंभोवती संधिकोश नावाची पातळ पिशवी असते. सदरा शिवताना शिंपी बगलेत हात उचलण्यापुरते जादा कापड ठेवतो, तसा या संधिकोशाचा खालचा भाग चुणीदार व सैल असतो. हात वर जातो तेव्हा या चुण्या उलगडतात. गोठलेल्या खांद्यात प्रथम संधिकोशाचा दाह होतो, नंतर त्यात तंतुमय ऊती वाढून तो जाड होतो, आक्रसतो आणि चुण्या नाहीशा होतात. निरोगी सांध्यात सुमारे २० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक द्रव मावू शकतो. गोठलेल्या सांध्यात ही क्षमता बहुधा १० मिलिलिटरच्या आत येते.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये 'अवबाहुक' या विकाराचे वर्णन आहे. खांद्याच्या ठिकाणचा वायू शिरांचे आकुंचन करतो, ही त्यामागील कल्पना होय. अवबाहुक आणि आजचा गोठलेला खांदा तंतोतंत एकच, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तथापि आकुंचनाची कल्पना लक्षणीय आहे. आधुनिक काळात फ्रेंच शल्यचिकित्सक द्युप्ले यांनी १८७२ मध्ये खांद्याभोवतीच्या ऊतींच्या दाहाचे वर्णन केले. 'फ्रोझन शोल्डर' हे नाव बोस्टनचे शल्यचिकित्सक कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिले, तर विकाराचे मूळ संधिकोशात आहे हे नेव्हिएझर यांनी १९४५ मध्ये दाखवून 'अॅढेसिव्ह कॅप्सुलायटिस' ही संज्ञा रूढ केली.

सर्वसाधारण लोकसंख्येत हा विकार सुमारे २ ते ५ टक्के व्यक्तींना होतो, असे मानले जाते. ४० ते ६० हा वयोगट विशेष बाधित होतो व स्त्रियांचे प्रमाण अधिक असते. मधुमेहींमध्ये मात्र प्रमाण एकदम वाढते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात मधुमेहींमधील प्रमाण १३ टक्क्यांहून अधिक आढळले. रक्तातील वाढलेली शर्करा कोलॅजन या तंतूंना चिकटून त्यांची लवचिकता घटवते, हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतव्यापी सर्वेक्षणानुसार देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी व्यक्ती एवढे आहे. त्यामुळे खांदा आखडलेल्या रुग्णाची शर्करा तपासणे हे कोणत्याही प्रतिमेच्या आधी करावयाचे काम ठरते. ती तपासणी सोनोग्राफीपेक्षा कितीतरी स्वस्त असूनही अनेकदा राहून जाते.

विकाराच्या तीन अवस्था सांगितल्या जातात. पहिली वेदनेची, दुसरी ताठरतेची आणि तिसरी हळूहळू मोकळे होण्याची. संपूर्ण क्रम एक ते तीन वर्षे चालतो. तो आपोआप पूर्ण बरा होतो ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सरासरी सात वर्षांनंतरही निम्म्या रुग्णांना थोडी वेदना, ताठरता किंवा दोन्ही शिल्लक होत्या.

निदानाचा पाया

गोठलेल्या खांद्याचे निदान मूलतः हाताने केलेल्या तपासणीवर होते, हे प्रारंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. रुग्णाने कोपर काटकोनात वाकवून कुशीला टेकवावे आणि तपासणाऱ्याने त्याचे मनगट धरून हात बाहेरच्या बाजूस वळवावा. निरोगी खांदा बराच वळतो. गोठलेला खांदा तपासणाऱ्याने वळवला तरी वळत नाही. कंडरा तुटलेल्या रुग्णास स्वतःच्या बळाने हात उचलता येत नाही, परंतु दुसऱ्याने उचलला तर तो बहुधा वर जातो. स्वतः हलवणे आणि दुसऱ्याने हलवणे यांतील हा फरक जाणणे हेच निदानाचे सार होय. त्यास यंत्र लागत नाही, दोन मिनिटे लागतात.

असे असताना सोनोग्राफी कशासाठी, हा प्रश्न साहजिक आहे. वेदनेच्या पहिल्या अवस्थेत हालचाल पुरेशी घटलेली नसते आणि रुग्ण वेदनेमुळे हात आवळून धरतो, म्हणून हाताने केलेली तपासणी त्या काळात संदिग्ध राहते. वृद्ध रुग्णात तुटलेली कंडरा आणि आखडलेला संधिकोश एकत्र असू शकतात. शिवाय दीर्घकाळ तुटलेल्या कंडरेचा स्नायू वाळतो, त्याच्या जागी चरबी साठते आणि नंतर शस्त्रक्रियेनेही ती जोडणे कठीण होते. ज्या खांद्यास दोन वर्षे 'गोठलेला' समजून शेक दिला गेला तो प्रत्यक्षात तुटलेला असेल, तर ती हानी भरून निघत नाही. ज्याची उपजीविका दोन हातांवर आहे, त्याच्या दृष्टीने हा भेद पुस्तकी राहत नाही.

श्राव्यातीत ध्वनी व प्रोबची निवड

सोनोग्राफीत मानवी कानास ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ध्वनिलहरी शरीरात सोडल्या जातात. भिन्न ऊतींच्या सीमांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींना लागलेला वेळ मोजून यंत्र प्रतिमा रचते. मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १५४० मीटर धरला जातो. वेग स्थिर असल्यामुळे कंप्रता वाढली की तरंगलांबी घटते आणि प्रतिमेतील बारकावा वाढतो. मात्र उच्च कंप्रतेच्या लहरी लवकर शोषल्या जाऊन खोलवर पोहोचत नाहीत.

गर्भाशय किंवा यकृत पाहण्यासाठी वक्र पृष्ठभागाचा, साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा प्रोब वापरतात. साडेतीन मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ०.४४ मिलिमीटर येते. खांद्यातील रचना त्वचेखाली अवघ्या काही सेंटिमीटरवर असल्याने तेथे सपाट मुखाचा, ७ ते १५ मेगाहर्ट्झचा प्रोब लागतो. बारा मेगाहर्ट्झला तरंगलांबी ०.१३ मिलिमीटर होते. ज्या बंधाची निरोगी जाडी सव्वा ते दीड मिलिमीटर आहे आणि विकारात ती तीन मिलिमीटरपर्यंत जाते, तेथे हा फरक निर्णायक ठरतो. तालुक्याच्या ठिकाणच्या यंत्रास सपाट प्रोब जोडलेला आहे किंवा नाही, हा प्रश्न यंत्राच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे उपयुक्त ठरेल. भौतिकोपचार केंद्रात खांद्यास दिला जाणारा 'अल्ट्रासाऊंडचा शेक' आणि सोनोग्राफी यांत ध्वनी एकाच जातीचा असला तरी हेतू वेगळा आहे. शेकाच्या यंत्रातून १ किंवा ३ मेगाहर्ट्झच्या लहरी ऊतींत ऊर्जा पोहोचवण्यासाठी सोडतात. त्यातून कोणतीही प्रतिमा मिळत नाही. 'माझ्या खांद्याचा अल्ट्रासाऊंड दहा वेळा झाला' असे सांगणाऱ्या रुग्णाच्या खांद्याची तपासणी प्रत्यक्षात एकदाही झालेली नसण्याची शक्यता असते.

प्रतिमेत आढळणारी चिन्हे

तपासणी स्टुलावर बसवून केली जाते. किरणोत्सर्ग नसतो, सुई नसते आणि पोटाच्या सोनोग्राफीप्रमाणे भरपूर पाणी पिऊन ताटकळत बसण्याचीही गरज नसते. रुग्णास याची पूर्वकल्पना दिलेली बरी, कारण सोनोग्राफी म्हटले की पाण्याची बाटली रिकामी करून येणारे अनेक असतात.

पाहण्याची मुख्य जागा खांद्याच्या पुढच्या भागात आहे. हाताची फिरती हालचाल सांभाळणाऱ्या चार कंडरांच्या समूहास रोटेटर कफ म्हणतात. त्यांपैकी वरची सुप्रास्पायनेटस आणि पुढची सबस्कॅप्युलॅरिस यांच्यामध्ये एक त्रिकोणी फट असते. या फटीतून दंडाच्या बायसेप्स स्नायूची लांब कंडरा सांध्यात शिरते आणि फटीवरून कोराकोह्यूमरल हा अस्थिबंध जातो. फऱ्याच्या चोचीसारख्या फाट्यापासून दंडाच्या हाडापर्यंत पोहोचणारा हा बंध हात बाहेर वळण्यावर लगाम ठेवतो. गोठलेल्या खांद्यात हात बाहेर वळणे सर्वप्रथम का अडते, याचे उत्तर बहुतांशी या बंधात आहे.

या भागाविषयीचे दोन अभ्यास विशेष उल्लेखनीय आहेत. २००५ मध्ये ली व सहकाऱ्यांनी ३० रुग्णांची सोनोग्राफी करून तिची तुलना दुर्बिणीद्वारे प्रत्यक्ष पाहिलेल्या सांध्याशी केली. त्यांपैकी २६ रुग्णांमध्ये, म्हणजे ८७ टक्क्यांमध्ये, त्रिकोणी फटीतील ऊती गडद दिसल्या व त्यांत रक्तप्रवाह वाढलेला आढळला. २००६ मध्ये होम्सी व सहकाऱ्यांनी ब्राझीलमध्ये कोराकोह्यूमरल बंधाची जाडी मोजली. गोठलेल्या खांद्यात ती सरासरी ३ मिलिमीटर भरली, तर वेदना असलेल्या इतर खांद्यांत १.३९ आणि निरोगी खांद्यांत १.३४ मिलिमीटर होती. दुखणारा पण न गोठलेला खांदा या मोजमापात निरोगी खांद्याजवळ राहतो, ही यातील खरी उपयुक्त गोष्ट होय. काखेतील संधिकोशाची जाडीही मोजता येते. २०१३ मधील एका फ्रेंच अभ्यासात ती बाधित खांद्यात सरासरी ४ मिलिमीटर व निरोगी खांद्यात १.३ मिलिमीटर आढळली.

ही सर्व सरासरीची मापे आहेत. एकेका रुग्णात विकारग्रस्त आणि निरोगी मापांच्या कक्षा एकमेकींत मिसळतात. म्हणून एकाच आकड्यावर विसंबण्यापेक्षा त्याच रुग्णाचा दुसरा खांदा तुलनेस घेणे अधिक श्रेयस्कर ठरते. ही सोय सोनोग्राफीत जादा खर्चाशिवाय मिळते. मधुमेहींमध्ये दोन्ही खांदे बाधित असू शकतात, तेव्हा मात्र हा आधार सुटतो.

वाढलेला रक्तप्रवाह डॉप्लर तंत्राने दिसतो आणि तो मुख्यत्वे दाहाच्या आरंभीच्या अवस्थेचा द्योतक असतो. प्रोब जोराने दाबला की सूक्ष्म रक्तवाहिन्या चेपल्या जातात व चिन्ह नाहीसे होते. म्हणून तपासणाऱ्याचा हात हलका असणे अगत्याचे असते. बायसेप्सच्या कंडरेभोवती जमलेला द्रव हेही एक चिन्ह सांगितले जाते, परंतु ते इतर अनेक विकारांत आढळत असल्याने त्यास फारसे वजन देता येत नाही.

स्थिर चित्रापेक्षा हलते चित्र अधिक बोलके असते. १९९३ मध्येच कोरियातील ऱ्यू व सहकाऱ्यांनी हात उचलताना सुप्रास्पायनेटस कंडरा खांद्याच्या टोकाखाली सरकते की अडते, हे पाहण्याची पद्धत मांडली होती. एमआरआय यंत्रात रुग्णास निश्चल पडून राहावे लागते. सोनोग्राफीत मात्र तपासणारा एका हाताने रुग्णाचा हात फिरवतो, दुसऱ्या हाताने प्रोब धरतो आणि अडणारी जागा डोळ्यांनी पाहतो. पूर्वी वर्णिलेली हाताची तपासणी येथे प्रतिमेसह पुन्हा घडते. या तपासणीचे महत्त्व प्रामुख्याने यातच आहे.

त्याच बैठकीत कंडरा अखंड आहे का हे दिसते. कॅल्शियमचे खडे साठले असल्यास ते पांढरे चमकतात व त्यांमागे काळी सावली पडते. स्नायूवरील पिशवीत द्रव साठला असल्यास तोही दिसतो.

मर्यादा व फसगतीच्या जागा

कंडरेतील तंतू समांतर असतात. ध्वनिलहर त्यांवर काटकोनात पडली तर ते उजळ दिसतात. प्रोब थोडा तिरपा झाला तर प्रतिध्वनी दुसरीकडे जातो आणि धडधाकट कंडरा काळी, म्हणजे तुटल्यासारखी दिसते. अननुभवी तपासणाऱ्याच्या अहवालात 'अंशतः फाटलेली कंडरा' वारंवार आढळण्याचे हे एक प्रमुख कारण होय. प्रोबचा कोन बदलताच जी 'फाट' भरून निघते ती फाट नव्हे, एवढा नियम पाळला तरी कित्येक अनावश्यक शस्त्रक्रियांच्या सल्ल्यांना आळा बसेल.

दुसरी अडचण रुग्णाच्या अवस्थेतून उद्भवते. सुप्रास्पायनेटस नीट पाहण्यासाठी हात पाठीमागे, खिशात घातल्याप्रमाणे ठेवावा लागतो. गोठलेल्या खांद्याच्या रुग्णास नेमके तेच जमत नाही. परिणामी कंडरेचा काही भाग हाडाखाली दडलेला राहतो. काखेतील संधिकोश पाहण्यासाठीही हात थोडा उचलावा लागतो. जेवढे दिसले तेवढेच लिहिणे आणि न दिसलेला भाग न दिसल्याचे नमूद करणे हे अशा वेळी तपासणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

तिसरी मर्यादा वयाची आहे. साठीनंतर कोणतीही तक्रार नसलेल्या अनेक व्यक्तींच्या कंडरांत फाटी आढळतात. प्रतिमेत फाट दिसली म्हणजे वेदनेचे कारण सापडले असे होत नाही. हाताने वळवूनही न वळणाऱ्या खांद्यात लहानशी फाट दिसली, तर मुख्य विकार बहुधा आखडलेला संधिकोशच असतो.

हाडाच्या आत ध्वनी शिरत नाही, त्यामुळे सोनोग्राफीपूर्वी साधा क्ष-किरण काढणे अनिवार्य मानले पाहिजे. भारतीय परिस्थितीत याचे महत्त्व क्षयरोगामुळे वाढते. खांद्याचा क्षय मणक्याच्या किंवा नितंबाच्या क्षयाच्या मानाने विरळा असला, तरी त्याचा 'केरीज सिका' म्हणजे कोरडा प्रकार फसवा असतो. त्यात पू किंवा सूज फारशी नसते. खांदा हळूहळू ताठरतो, स्नायू वाळतात, आणि चित्र गोठलेल्या खांद्यासारखेच उभे राहते. अशा सांध्यात स्टेरॉईडचे इंजेक्शन दिले गेल्यास काही दिवस वेदना शमते व रोग आत पसरतो. क्ष-किरणात हाड कुरतडल्याच्या खुणा, सोनोग्राफीत हाडाच्या पृष्ठभागाची अनियमितता किंवा जाड झालेले अंतःस्तर, आणि स्नायूंचा अपेक्षेहून अधिक ऱ्हास दिसल्यास इंजेक्शनची सुई बाजूस ठेवणे हेच उचित.

खांदा मागच्या बाजूस निखळणे हाही असाच हुलकावणी देणारा प्रकार आहे. तो अपस्माराच्या झटक्यानंतर किंवा विजेच्या धक्क्यानंतर घडतो. समोरून काढलेल्या एकाच क्ष-किरण चित्रात तो निसटू शकतो आणि हात बाहेर वळणे बंद झाल्याने खांदा गोठल्याचे निदान होते. विहिरीवरच्या मोटारीचा धक्का बसलेल्या शेतकऱ्याचा खांदा त्या दिवसापासून आखडला असेल, तर ही शक्यता प्रथम तपासावी लागते.

जालना जिल्ह्यातील परिस्थिती

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा या आठ तालुक्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १९ लाख ५९ हजार असून पाचांपैकी चार व्यक्ती ग्रामीण भागात राहतात. कापूस, मोसंबी, बियाणे व पोलाद यांवर जिल्ह्याचे अर्थकारण उभे आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात स्थापन केलेल्या महिको कंपनीपासून संकरित बियाण्यांचा व्यवसाय येथे रुजला. संकरित कपाशीच्या बीजोत्पादनात प्रत्येक फूल हाताने हाताळावे लागते आणि हे काम, तसेच कापूस वेचणी, प्रामुख्याने स्त्रिया करतात. या श्रमामुळे खांदा गोठतो असे म्हणण्यास आधार नाही. विकाराचे मूळ कारण बहुतेक रुग्णांत अज्ञातच राहते. परंतु खांदा गोठला की हे काम थांबते आणि वेचणी वजनावर मोजली जात असल्याने मजुरी त्याच दिवशी घटते.

बदनापूर तालुक्यातील वरुडी येथे खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जालना येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास २०२४ मध्ये प्रारंभ झाला. त्यापूर्वी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा आधार म्हणजे १९५६ मध्ये स्थापन झालेले औरंगाबादचे महाविद्यालय. त्या शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले असून ते जालन्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. मंठा किंवा जाफ्राबादच्या रुग्णास एमआरआयसाठी मोठ्या शहरात जाणे म्हणजे तपासणीच्या शुल्काशिवाय प्रवास, सोबतीचा माणूस आणि दोघांची बुडालेली मजुरी असा खर्च असतो. तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकणाऱ्या सोनोग्राफीचे मोल या हिशेबात पाहिले पाहिजे.

तथापि महाराष्ट्रात सोनोग्राफी यंत्राचा इतिहास केवळ वैद्यकीय नाही. गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य असून तो कायदा १९८८ चा आहे. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. त्याची अंमलबजावणी होत नसल्याने मुंबईची 'सेहत' व पुण्याची 'मासूम' या संस्थांनी साबू जॉर्ज यांच्यासह २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २००३ च्या दुरुस्तीने कायदा अधिक कठोर झाला. गर्भलिंग ओळखू शकणारे कोणतेही यंत्र जेथे असेल त्या जागेची नोंदणी आवश्यक ठरली आणि नोंदणी नसलेल्यास यंत्र विकणे गुन्हा ठरला. २०१२ मध्ये हलवता येणाऱ्या यंत्रांच्या वापरावर नोंदणीकृत जागेबाहेर कडक निर्बंध आले. या सर्वांची निकड कोणती होती हे आकडेच सांगतात. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. शेजारच्या बीड जिल्ह्यात ती ८०७ पर्यंत घसरली होती.

हा कायदा सैल करावा असे कोणीही विवेकी व्यक्ती म्हणणार नाही. परंतु त्याचा एक अप्रत्यक्ष परिणाम असा झाला की यंत्र प्रसूतीच्या व पोटाच्या तपासणीशी जखडले गेले. यंत्र खांद्यासाठीच वापरावयाचे असले तरी नोंदणी, पात्र तपासनीस व जागेचे बंधन यांतून सुटका नाही. पाश्चात्त्य देशांत अस्थिरोगतज्ज्ञ किंवा भौतिकोपचारतज्ज्ञ बाह्यरुग्ण विभागात लहान यंत्र खांद्यावर ठेवून पाहतात, ती पद्धत येथे तशीच आणता येत नाही. समाजमनातही हे यंत्र गर्भाशीच जोडलेले आहे. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' या फलकाखाली पन्नाशीच्या स्त्रीने खांद्याच्या तपासणीसाठी बसणे तिला आणि सोबतच्यांना विचित्र वाटू शकते.

यावर नव्या यंत्राची मागणी हा एकमेव उपाय नव्हे. जी नोंदणीकृत केंद्रे आज कार्यरत आहेत तेथे सपाट प्रोब असल्यास आणि तपासनीसाने खांद्याच्या तपासणीचे पद्धतशीर शिक्षण घेतल्यास कायद्यास कोठेही धक्का न लावता हे काम होऊ शकते. अडचण आहे ती सरावाची. दिवसाला कित्येक गर्भवतींची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाच्या वाट्यास महिन्यात दोन-चार खांदे आले, तर हात बसत नाही. आणि हात बसलेला नाही म्हणून अस्थिरोगतज्ज्ञ खांदे पाठवत नाहीत. हे दुष्टचक्र तुटण्यासाठी नव्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या क्ष-किरणशास्त्र व अस्थिरोग विभागांनी आठवड्यातील एक ठरावीक वेळ खांद्यांसाठी राखून ठेवणे हा एक व्यवहार्य प्रारंभ ठरू शकेल.

उपचारात प्रतिमेचा उपयोग

निदान निश्चित झाल्यावरही सोनोग्राफीचे काम संपत नाही. आरंभीच्या वेदनामय अवस्थेत सांध्यात दिलेले स्टेरॉईडचे इंजेक्शन अल्पकाळ चांगला आराम देते व व्यायाम शक्य करते. सुई सांध्यात पोहोचली की बाहेरच्या स्नायूत, हे अंदाजाने सांगणे कठीण असते. मागच्या बाजूने सुई सरकताना पडद्यावर पाहता आली तर हा अंदाज संपतो. मधुमेही रुग्णात इंजेक्शननंतर काही दिवस शर्करा वाढते, याची कल्पना रुग्णास व त्याच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना देणे आवश्यक असते. सलाईनच्या दाबाने आक्रसलेला संधिकोश फुगवण्याची पद्धतही याच प्रकारे प्रतिमेच्या मार्गदर्शनाखाली केली जाते.

२०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ५०३ रुग्णांवर भूल देऊन खांदा मोकळा करणे, दुर्बिणीद्वारे संधिकोश कापणे आणि स्टेरॉईड इंजेक्शनसह लवकर सुरू केलेला पद्धतशीर भौतिकोपचार या तीन मार्गांची तुलना झाली. वर्षअखेरीस तिन्हींमध्ये रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा असा फरक आढळला नाही. शस्त्रक्रियागृहापासून दूर राहणाऱ्या रुग्णासाठी ही वार्ता आशादायक आहे. अर्थात या उपचारास निदान अचूक असण्याची पूर्वअट आहे, आणि गावात हाड बसवणाऱ्याकडून खांदा बळाने पिळून घेणे यास पर्याय म्हणून कदापि स्वीकारता येत नाही. आखडलेल्या खांद्यावर जोर केल्यास कंडरा तुटण्याचा, मधुमेही व वृद्ध व्यक्तीत हाड मोडण्याचाही धोका असतो.

पाठवणी व अहवाल

प्रतिमेची गुणवत्ता प्रोब ठेवण्याच्या आधीच, पाठवणीच्या चिठ्ठीत ठरू लागते. 'खांद्याची सोनोग्राफी' एवढेच लिहिलेल्या चिठ्ठीवर तपासनीस कंडरेतील फाट शोधतो, ती नसल्यास 'सर्व काही ठीक' असा अहवाल देतो आणि जाड झालेला बंध न मोजताच राहतो. चिठ्ठीत तक्रारीचा कालावधी, दुसऱ्याने वळवल्यावर दोन्ही हात बाहेर किती अंश वळतात, शर्करेचे मान, पूर्वी क्षय किंवा विजेचा धक्का झाला होता काय आणि क्ष-किरणात काय दिसले, एवढा मजकूर असला की तपासणीची दिशा पालटते. याच्या उत्तरादाखल येणाऱ्या अहवालात कोराकोह्यूमरल बंधाची व काखेतील संधिकोशाची जाडी दोन्ही बाजूंची असावी, हात किती वळवून तपासणी करता आली व कोणता भाग दिसू शकला नाही हे असावे. तपासणीस वापरलेल्या प्रोबची कंप्रताही नोंदवली गेली, तर सहा महिन्यांनी दुसऱ्या गावी झालेल्या तपासणीशी त्या मापांची तुलना करता येते.